खसखशीएवढी भीती

न्यू हेवनहून आय-९५ ने पूर्वेला निघालं की पाऊण तासात कनेक्टिकट नदीवरचा मोठा पूल लागतो. चारशे मैलांहून जास्त वाट चालून आलेली नदी इथून थोड्याच अंतरावर लाँग आयलंड साउंडला मिळते. पुलाच्या पलीकडे ओल्ड लाइम आणि तिथून नदीच्या कडेकडेने उत्तरेला गेलं की लाइम. वस्ती अडीच हजारांच्या आत. एक पांढरं चर्च, छोटंसं ग्रंथालय, हॅम्बर्ग कोव्हच्या शांत पाण्यात नांगरलेल्या शिडाच्या होड्या आणि बाकी सगळं रान. ऑक्टोबरात मेपल आणि ओक रंगले की लांबलांबून माणसं गाड्या भरून इकडे येतात. ओल्ड लाइममध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चित्रकारांची वसाहतच होती. फ्लॉरेन्स ग्रिझवोल्ड नावाच्या बाईंच्या घरात राहून त्यांनी इथला उजेड रंगवला. ते घर आता संग्रहालय आहे.

इतकं देखणं गाव, पण जगात त्याचं नाव पोचलं ते एका आजारामुळे. 'लाइम डिसीज' म्हटलं की आपल्या माणसांना आधी हिरवं लिंबू आठवतं. त्या आजाराचा लिंबाशी काही संबंध नाही, तो या गावाचा आहे. आणि याच गावात, रस्त्यापासून बरंच आत, वीस एकर रानाच्या कडेला माझे व्याही राहतात.

माझ्या लेकीचे सासरे. वय एकाहत्तर, आयुष्य सुतारकामात गेलेलं, पांढरी दाढी, बोलणं मोजकं. गेली पन्नास-पंचावन्न वर्षं ते दर हिवाळ्याआधी हरणाची शिकार करतात. तीही धनुष्यबाणाने. कनेक्टिकटमध्ये धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत असतो. बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. वर्षाला एखाद-दुसरं हरिण, तेवढंच मांस फ्रीझरमध्ये, हिवाळाभर पुरवून खायचं. आपल्या मंडळातल्या मैत्रिणींना हे सांगितलं की आधी धक्का बसतो आणि मग हळूच प्रश्न येतो, "तुला चालतं गं?" मी कोकणातली, मासे खाऊन वाढलेली. जे ताटात घेतो ते कुठून येतं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघणारा माणूस मला आवडतो.

या माणसाला रानात कशाची भीती वाटते, हे मी त्यांना फार पूर्वी विचारलं होतं. मला वाटलं अस्वल म्हणतील, कोयोटी म्हणतील. दिवाळीचा फराळ समोर होता. त्यांनी ताटातला अनारसा उचलला, त्याच्यावरच्या खसखशीच्या एका दाण्यावर नखाचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "हे पिल्लू. मे ते जुलै." मग तिळाच्या वडीवरच्या तिळावर बोट ठेवून म्हणाले, "ही मोठी. ऑक्टोबर, नोव्हेंबर. म्हणजे आत्ता." त्यानंतर अनारसा खाऊन टाकला.

इथली मुलं जिला 'टिक' म्हणतात ती म्हणजे आपली गोचीड. पण आपण गावी गाई-म्हशींच्या कानाला बघितलेल्या टपोऱ्या गोचिडी डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. लाइमची गोचीड हरणांच्या अंगावर पोसते, तिचे पाय काळे असतात आणि उपाशी असताना ती खरोखरच तिळाएवढी असते. तिचं पिल्लू, ज्याला इथे निम्फ म्हणतात, ते खसखशीएवढं. मानेवर बसलं तर तीळ, चामखीळ किंवा मातीचा कण वाटावा.

या गावाचं नाव आजाराला कसं पडलं, ती कथा एका आईची आहे. पॉली मरी या लाइममध्ये राहणाऱ्या बाईंच्या घरातली माणसं वर्षानुवर्षं आजारी पडत होती. कधी पुरळ, कधी ताप, कधी गुडघे सुजणं. डॉक्टरांना काही सापडेना. बाईंनी हार न मानता सगळं लिहून ठेवायला सुरुवात केली. आजूबाजूच्या घरांतल्या मुलांचेही गुडघे सुजतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७५ मध्ये त्यांनी आणि आणखी एका आईने राज्याच्या आरोग्य खात्याला कळवलं. येल विद्यापीठातले डॉ. ॲलन स्टीअर तपासाला आले. लाइम, ओल्ड लाइम आणि ईस्ट हॅडम या तीन गावांत त्यांना असे ५१ रुग्ण सापडले, त्यांतली ३९ मुलं होती. १९७७ मध्ये त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला आणि आजाराला 'लाइम आर्थ्रायटिस' असं नाव मिळालं. तो कशामुळे होतो, हे मात्र विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखे पिळदार जंतू सापडले तेव्हा कळलं. ते १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जंतूला त्यांचंच नाव दिलं गेलं. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर या आजाराचे उपचार होतात, असा सीडीसीचा अंदाज आहे. आपले बरेचसे मराठी लोक न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनियात राहतात. म्हणजे नेमके या आजाराच्या घरात.

आमच्या विहीणबाईंनाही तो झाला होता. एका उन्हाळ्यात गुडघ्याच्या मागच्या बाजूला चट्टा उठला असावा, पण स्वतःच्या गुडघ्याची मागची बाजू कोण बघतं? पानगळीच्या दिवसांत एक गुडघा नारळाएवढा सुजला. वयाचं दुखणं म्हणून दोन महिने गेले. शेवटी रक्ततपासणीत लाइम निघाला, अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या आणि गुडघा पूर्ववत झाला. पण ते दोन महिने माझ्या लेकीने बघितले आहेत. त्यामुळे गेल्या वर्षी तिच्या मुलाने, माझ्या अकरा वर्षांच्या नातवाने, "मला आजोबांबरोबर रानात जायचंय, नुसतं बघायला," असं म्हटलं तेव्हा तिचं उत्तर तयार होतं. नाही.

घरात दोन दिवस अबोला होता. जावई मधल्या मधे. तोही याच रानात वाढलेला, पण बायकोपुढे आणि वडिलांपुढे एकदम बोलायची त्याची टाप नव्हती. नातू माझ्या खोलीत येऊन बसला. "आजी, तू सांग ना."

मला माझ्या माहेरची आठवण झाली. माझं माहेर सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. २०१६ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा माकडताप आढळला तो त्याच तालुक्यात. पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला साथ आली. हा तापही गोचिडीच पसरवतात. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. लाइमचा जंतू प्रतिजैविकाने मरतो. माकडताप विषाणूचा आहे, त्याला नेमकं औषध नाही. रानात माकडं मरून पडायला लागली की ती धोक्याची खूण. आणि त्याचे दिवस डिसेंबर ते मे, म्हणजे नेमके काजूचे दिवस.

माझा धाकटा भाऊ तिथे काजूची बाग सांभाळतो. त्याला "बागेत जाऊ नकोस" असं कोण सांगणार? काजू खाली पडतात ते पालापाचोळ्यात, आणि गोचिडीही त्याच पाचोळ्यात. तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, पँट गमबुटात खोचतो, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळालेलं तेल लावतो. घरी आल्यावर ओसरीवर पायसुद्धा ठेवत नाही. मागच्या पडवीत कपडे उतरवून ते उकळत्या पाण्यात टाकायचे, कढत पाण्याने अंघोळ, मगच घरात. आमची आई याला हसून 'काजूचं सोवळं' म्हणते.

लेकीला मी एवढंच म्हटलं, "तुझा मामा रोज रानात जातो, कारण त्याचं पोट त्यावर आहे. आपलं पोट त्यावर नाही म्हणून आपल्याला 'नाही' म्हणणं परवडतं. पण या पोराचं घर रानाच्या राज्यात आहे. शाळेमागे रान आहे, फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला रान आहे. तो कुठे कुठे जाणार नाही? त्यापेक्षा आजोबांकडून रानात वावरायचं कसं ते शिकू दे. मी जाते त्याच्याबरोबर." लेक म्हणाली, "घरी आल्यावर तपासणी मी करणार." ठरलं.

भाऊबीज होऊन आठवडा झाला होता. आदल्या शनिवारीच व्याह्यांनी आमचे कपडे मागवून घेतले होते. पँट, शर्ट, मोजे, बूट, टोपी सगळं शेडमधल्या दोरीवर टांगून त्यांनी त्यावर परमेथ्रिन फवारलं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात किडे मारणारं द्रव्य असतं, त्याच्या नकलेवर प्रयोगशाळेत केलेलं हे औषध. अर्ध्या टक्क्याचं, कपड्यांसाठी तयार मिळणारं घ्यायचं. ते फक्त कपड्यांना आणि बुटांना लावतात, अंगाला कधीही नाही. पूर्ण वाळलं की कपडे घालायला हरकत नसते आणि पाच-सहा धुण्यांपर्यंत असर टिकतो. ओलं असताना ते मांजरांना विषारी असतं. विहीणबाईंची मांजर घरात, म्हणून फवारणी शेडमध्ये. शिकाऱ्यांना ते आवडण्याचं आणखी एक कारण त्यांनी सांगितलं. वाळल्यावर त्याला वास राहत नाही. हरणाचं नाक फार तिखट. वासाचं काही अंगाला चोपडलं तर हरिण पाव मैलावरून परत फिरेल. हात, मान अशा उघड्या अंगासाठी त्यांनी पिकारिडिन दिलं, तेही जवळजवळ बिनवासाचं. ज्यांना वासाचं काही नाही त्यांनी डीट वापरलं तरी चालतं.

पहाटे पाचला आम्ही तिघं निघालो. फिकट रंगाच्या पँटी मोज्यांत खोचलेल्या, शर्ट पँटीत खोचलेला, डोक्यावर भडक नारिंगी टोप्या. मोज्यात पँट खोचून मी ध्यान दिसत होते, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही आणि झाडावरून अंगावर पडतही नाही. ती गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाला मागच्या पायांनी धरून बसते आणि पुढचे दोन पाय पसरून वाट बघते. त्या पायांवर आपल्या श्वासाची आणि अंगाच्या उबेची चाहूल घेणारं इंद्रिय असतं. आपण घासून गेलो की ती चिकटते आणि वर चढू लागते. तिची वाट खालून वर, बुटाकडून कमरेकडे. पँट मोज्यात असेल तर तिला बाहेरच्या बाजूने चढावं लागतं. तिथे परमेथ्रिन असतं आणि फिकट कापडावर ती दिसतेही.

रानात शिरल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडी गडगे दिसू लागले. आपल्या कोकणातल्यासारखेच, बिनमातीचे, दगडावर दगड. घनदाट जंगलात गडगा कोणी घातला? व्याही म्हणाले, हे सगळं पूर्वी शेत होतं. एकोणिसाव्या शतकात माणसं शेती सोडून पश्चिमेला आणि गिरण्यांकडे गेली आणि शेतांवर रान उगवलं. एकेकाळी जवळजवळ नाहीशी झालेली हरणं परत आली. मग रानात घरं आली. हरणं, उंदीर, माणसं आणि गोचिडी एकाच अंगणात राहू लागली.

नातू गडग्यावर बसायला गेला तसे त्यांनी त्याला हाताने थांबवलं. गडग्यात पांढऱ्या पायांचे उंदीर राहतात. आपल्याला वाटतं लाइमचे जंतू हरणाकडून येतात. पण गोचिडीला जंतू मिळतात ते मुख्यतः या उंदरांकडून. ती जन्मते तेव्हा तिच्यात लाइमचे जंतू नसतात. पहिलं रक्त ती बहुधा उंदरासारख्या लहान प्राण्याचं पिते आणि तिथेच जंतू घेते. हरिण तिला शेवटचं जेवण देतं. ते जेवून ती खाली पडते आणि दोनेक हजार अंडी घालते. म्हणून गडग्यावर बसायचं नाही, पडलेल्या ओंडक्यावर बसायचं नाही, झाडाला टेकायचं नाही आणि वाटेच्या मधूनच चालायचं. एका वळणावर लालचुटुक फळांची काटेरी जाळी होती. जपानी बार्बेरी, बागेसाठी आणलेली आणि रानभर पसरलेली. तिच्याखाली ओलावा टिकतो आणि गोचिडीला ओलावा लागतो. न्यू हेवनमध्ये कनेक्टिकटचं कृषी संशोधन केंद्र आहे, १८७५ मध्ये सुरू झालेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की बार्बेरीच्या रानात गोचिडी जास्त असतात आणि जाळी काढली की त्या कमी होतात. व्याह्यांनी स्वतःच्या रानातली बरीचशी तोडली आहे. ही शेजाऱ्याची होती, असं ते जरा जोरातच म्हणाले.

आता वयामुळे ते झाडावरच्या मचाणावर चढत नाहीत. जमिनीवर कापडाचा तंबूवजा आडोसा आहे. आत शिरण्याआधी त्यांनी फावड्याने आतला पाचोळा बाहेर ओढून जमीन उघडी केली. पायाखाली पानं वाजत नाहीत हा एक फायदा आणि गोचीड राहत नाही हा दुसरा. तिघं तीन स्टुलांवर बसलो. मी डब्यात फराळ आणला होता. चकली काढताच व्याह्यांनी मान हलवली. एका चकलीच्या आवाजाने सगळं रान जागं झालं असतं. बेसनाचा लाडू मात्र चालला, तो आवाज न करता खाता येतो.

दोन तास काहीही घडलं नाही. सांगण्यासारखं ते दोन तासच होते, असं नातू अजून म्हणतो. उजेड खालून वर येत गेला. टर्की पक्ष्यांचा एक घोळका पानं उकरत समोरून गेला. अकरा वर्षांचा मुलगा, ज्याच्या हातातून घरी टॅब सुटत नाही, तो दोन तास न हलता बसला. मग ओकांच्या मधून एक हरिणी आली. वीस पावलांवर थांबली. व्याह्यांनी धनुष्य ओढलं ते मला कळलंही नाही. बाण सुटल्याचा एक बारीक आवाज, हरिणीची एक उडी, थोडी धाव आणि मग पाचोळ्यात बसल्यासारखी ती खाली गेली. ते पंधरा मिनिटं जागचे हलले नाहीत. नंतर तिच्याजवळ जाऊन टोपी काढून उभे राहिले. नातवाने माझा हात धरला होता. तो रडला थोडा. आजोबा म्हणाले, "रडू येणं बरोबर आहे. मला अजून येतं."

शिकाऱ्यासाठी खरा धोका इथून पुढे असतो. हरिणाच्या अंगावर, विशेषतः कानांत आणि मानेवर, गोचिडी असतात. अंग थंड होऊ लागलं की त्या उठून नवीन ऊब शोधू लागतात. जवळ ऊब कोणाची? त्याला हात लावणाऱ्याची. व्याह्यांनी रबरी हातमोजे घातले आणि आम्हाला दहा पावलं लांब उभं केलं. पूर्वी माणसं हरिण खांद्यावर टाकून आणत. ते प्लास्टिकच्या घसरगाडीवर ठेवून दोरीने ओढत आणतात. घराजवळ नाही, लांबच्या छपरात टांगतात. मी लांबूनच हरिणीच्या कानाकडे बघितलं. फुगून करड्या झालेल्या, वाटाण्याएवढ्या पाच-सात गोचिडी होत्या. गावच्या गाईच्या कानातल्या असाव्यात तशा.

हरणं मारली तर हा आजार जाईल का, असं मी विचारलं. मेन राज्यातल्या मॉन्हेगन बेटावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस सगळी हरणं काढून टाकली होती आणि पुढे तिथल्या गोचिडी खूप कमी झाल्या. "पण ते बेट," व्याही म्हणाले. "इथे मी एक मारीन, पलीकडच्या रानातून दोन येतील. मी गोचिडी कमी करायला शिकार करत नाही. मी जेवायला करतो. गोचिडी सांभाळायच्या त्या स्वतःच्या अंगावर."

शेडमध्ये परत आलो आणि मला हसू फुटलं. माझ्या भावाच्या मागच्या पडवीतलाच प्रकार. कपडे तिथेच उतरवायचे, जुना गाऊन गुंडाळायचा, कपडे पिशवीत. पिशवी थेट ड्रायरमध्ये. आधी धुवायचे नाहीत, कारण कोमट पाण्यात गोचीड मरत नाही. कोरड्या कपड्यांना कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवलं की ती मरते. तिला ओलावा लागतो, तो काढून घ्यायचा. मग दोन तासांच्या आत अंघोळ. चिकटायला जागा शोधत फिरणारी असेल तर वाहून जाते आणि अंघोळीच्या निमित्ताने हात सगळीकडे फिरतो.

मग लेकीची तपासणी. तिने यादीच केली होती. केसांच्या मुळाशी, कानांच्या मागे, काखा, बेंबी, कमरेचा पट्टा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत. माझ्यावर काही नव्हतं. नातवाच्या कमरेवर, मागच्या बाजूला, पट्ट्याच्या जागी एक तीळ होता. लेकीने बोट लावलं आणि म्हणाली, "हा तीळ याला नाहीये."

घरात एकदम शांतता झाली. पोराने सगळं नीट केलं होतं. मोजे, शर्ट, औषध, सगळं. तरी एक आलीच. मला वाटलं आता लेक सासऱ्यांना काहीतरी बोलणार. पण विहीणबाई उठल्या, खणातून बारीक टोकाचा चिमटा आणला आणि तिच्या हातात दिला. काडी पेटवून चटका द्यायचा नाही, व्हॅसलीन नाही, नेलपॉलिश नाही. गोचिडीला कातडीच्या अगदी लगत पकडायचं आणि सरळ वर, न पिळता, एका सावकाश ओढीने काढायचं. लेकीचा हात थरथरत नव्हता. निघाली, सबंध, पाय हलवत. अजून सपाट होती, म्हणजे तिने रक्त प्यायला जेमतेम सुरुवात केली होती. जागा साबणाने आणि स्पिरिटने पुसली. गोचीड चिकटपट्टीवर चिकटवून कागदावर तारीख लिहून ठेवली.

यामागचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. लाइमचे जंतू गोचिडीच्या पोटात असतात आणि तिथून आपल्यात यायला त्यांना बहुतेक वेळा चोवीस तासांहून जास्त लागतात. म्हणजे त्याच दिवशी सापडलेली गोचीड ही जवळजवळ टळलेली गोष्ट असते. पूर्ण टळलेली नव्हे, कारण गोचीड इतरही काही आजार देते आणि त्यांतले काही याहून लवकर येतात. ती छत्तीस तासांहून जास्त चिकटलेली असेल तर डॉक्टर बहात्तर तासांच्या आत औषधाचा एक डोस देऊ शकतात, म्हणून फोन लगेच करायचा. आम्हीही केला. तिकडून सांगितलं, काही तासांचीच आहे, आता फक्त लक्ष ठेवा.

लेकीने स्वयंपाकघरातल्या 'कालनिर्णय'वर त्या दिवसावर गोल केला आणि पुढचे तीस दिवस मोजून दुसरा गोल केला. चट्टा उठायचा तर तीन ते तीस दिवसांत उठतो. तो नेमबाजीच्या फळीसारखा गोलात गोल असेलच असं नाही, बऱ्याचदा नुसताच पसरत जाणारा डाग असतो आणि काही जणांना तो येतच नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसेलच असंही नाही. जांभळट, तपकिरी किंवा फक्त गडद दिसतो आणि पुस्तकांतली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. म्हणून ताप, अंगदुखी, थकवा आला तर "मला गोचीड चावली होती, अमुक तारखेला" हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणी नकारात्मक येऊ शकते, हेही माहीत असावं.

डिसेंबरात दुसरा गोल आला आणि गेला. काही झालं नाही.

यंदा नातू बारा वर्षांचा झाला. शिकारीच्या परवान्याआधी जो सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो, त्यासाठी लेक स्वतः त्याला घेऊन गेली. तिच्या गाडीच्या खणात आता बारीक टोकाचा चिमटा असतो. परवा तिने फोनवर मामालाही विचारलं, गमबूट कुठल्या मापाचे घालतोस, पाठवते औषध मारून. तो म्हणाला, "आमचं तेल बरं आहे, तू काजू न्यायला ये."

तुमच्यापैकी अनेकांकडे भारतातून आई-बाबा येतात ते मे ते सप्टेंबर. म्हणजे नेमके खसखशीच्या दिवसांत. बाबा सकाळी चपला घालून घरामागच्या गवतातून फेरी मारतात. आई कडीपत्त्याच्या कुंडीपाशी, झुडपाला टेकून, अर्धा तास बसते. शिकारीला न जाताही ते गोचिडीच्या वाटेत असतात. त्यांना घाबरवून घरात बसवू नका, अमेरिकेत येऊन चार भिंती बघून परत गेले तर काय बघितलं? गवत आखूड ठेवा, कडेचा पाचोळा काढा, फिरून आले की कपडे ड्रायरमध्ये टाका आणि संध्याकाळी एकमेकांची मान, कानामागे, गुडघ्यामागे बघायला सांगा. आई-बाबा लाजतील पहिल्या दिवशी, मग सवय होईल. आणि बाबांना फेरीला जरूर पाठवा. फक्त पायजमा मोज्यांत खोचून.